कठीण दिवसांत धीर कसा धरावा : विश्वासात नवीन असलेल्यांसाठी

जे नुकतेच ख्रिस्ती विश्वासात आलेत, किंवा ख्रिस्ती घरात जन्मूनही ज्यांनी बायबल कधी मनापासून उघडलं नव्हतं आणि आता घरावर काहीतरी कोसळलंय म्हणून उघडू पाहतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सोलापुरात असे पुष्कळ भेटतात. यंत्रमागाचा कारखाना बंद पडला आणि पगार थांबला. आई सिव्हिलला ॲडमिट आहे. मुलगा पुण्याला कामाला गेला आणि फोनच उचलत नाही. रविवारी उपासना संपल्यावर दाराशी चपला घालता घालता विचारतात, "ताई, आता मी काय करू?" "प्रार्थना करा" हे उत्तर खरंच आहे, पण ते अपुरं पडतं. प्रार्थनेला सुरुवात कुठून करायची, आणि काहीच बदललं नाही तर मंगळवारी सकाळी उठून काय करायचं, हेही कोणीतरी सांगायला हवं. मला जे उपयोगी पडलं आणि इतरांना उपयोगी पडताना पाहिलं, ते क्रमाने सांगते.

आधी जेवा आणि झोपा

जुन्या करारात १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. एलीया हा मोठा संदेष्टा. राणी ईजबेल जिवावर उठली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, "पुरे झालं, देवा, माझा जीव घे." देवाने त्याला उपदेश केला नाही, "तुझा विश्वास कुठे गेला?" असंही विचारलं नाही. दूताने हात लावून उठवलं आणि म्हटलं, "ऊठ, खा." उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं. देवाशी त्याचं बोलणं झालं ते त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर.

म्हणून पहिलं काम हेच. सिव्हिलच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक सकाळपासून नुसत्या चहावर असतात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, रात्री डोळ्याला डोळा नाही. अशा शरीरात बसलेल्या मनाला देव दूर गेल्यासारखा वाटणारच. दोन घास खा. दोन तास कोणाला तरी पेशंटजवळ बसवा आणि घरी जाऊन झोपा. यात विश्वास कमी पडतो असं बिलकुल नाही.

इथेच उपवासाचं सांगून टाकते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपवास-प्रार्थना असते आणि ती चांगलीच आहे. पण शुगर असलेल्यांनी, गरोदर बाईने, आजारातून उठलेल्याने आणि आधीच दमून गेलेल्याने ती धरू नये. आणि औषध बंद करू नका. पौल लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो. डॉक्टर सोबत घेऊन फिरणारा प्रेषित गोळ्या टाकून द्यायला सांगणार नाही.

जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असे विचार येत असतील, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. फोन करा, मंडळीच्या पाळकांनाही (पास्टरना) बोलवा. दोन्ही करा.

तक्रारीपासून सुरुवात करा

नव्या माणसाला बहुतेकदा सांगतात की आभार माना, स्तुती करा. आभार येतील, पण पोटात आग पडलेली असताना ते ओढूनताणून आणू नका. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी सरळसरळ तक्रारीची आहेत. देवाने ती आपल्या शास्त्रात ठेवली. वधस्तंभावर येशूने जे शब्द उच्चारले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत. आपल्या प्रभूने ज्या शब्दांत हाक मारली, ते शब्द तुम्ही वापरले तर देव रागावेल असं मनातसुद्धा आणू नका.

तेराव्या स्तोत्रापासून सुरू करा. ते इतकं लहान आहे की दोन-तीन दिवसांत पाठ होतं. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, "किती वेळ?" मग मागणं येतं : माझ्याकडे बघ, उत्तर दे. आणि शेवटच्या दोन ओव्यांत विश्वास : मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. ते मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि मन मागे राहतं.

पाठ झालं की त्याच धर्तीवर स्वतःचं लिहा. शाळेची जुनी वही चालेल. आधी तक्रार, नावानिशी : "प्रभू, किती दिवस? मालकाने तीन महिन्यांचा पगार ठेवलाय. दुकानदार उधार देत नाही. पोरीची फी भरायची आहे." मग मागणं, तेही नेमकं : "या आठवड्यात निदान अर्धा पगार मिळू दे. मालकाशी बोलताना माझा आवाज चढू देऊ नको." आणि शेवटी विश्वासाची एक ओळ, आज जेवढी खरी म्हणता येईल तेवढीच. काही दिवशी ती ओळ "तू ऐकतोस एवढं मला माहीत आहे" इतकीच असेल. काही दिवशी तीही येणार नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बघा, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, कारण लिहिणारा अंधारातसुद्धा देवाशीच बोलतोय.

कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एका मावशींकडे मी हे पाहिलं. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली तेंदूची पानं, एका कोपऱ्यात तंबाखू. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्याशिवाय दिवस भरत नाही. त्यांना वाचता येत नाही, नातीने तेरावं स्तोत्र पाठ करून घेतलं होतं. प्रत्येक जुडी बांधताना एक ओवी म्हणायच्या. सूर नाही, ताल नाही, शेजारणीशी बोलावं तसं. मधेच थांबून, "आता पोराचं सांगते बघ प्रभू," म्हणून मुलाचं गाऱ्हाणं घालायच्या आणि पुन्हा पुढची ओवी. प्रार्थना शिकवणारी कितीतरी प्रवचनं मी ऐकली आहेत, पण नव्या माणसाला दाखवावी अशी प्रार्थना मला त्या सुपाजवळ दिसली.

काय वाचायचं आणि कोणत्या क्रमाने

डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आजचा संदेश मानायची, ही सवय लावून घेऊ नका. प्रकटीकरणापासूनही सुरू करू नका. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी अडीच आठवड्यांच्या आत संपतं. येशू दुखणाऱ्या माणसांशी कसा वागतो तेवढंच बघत जा. मग योहानाचा अकरावा अध्याय. लाजर आजारी असल्याचा निरोप येऊनही येशू दोन दिवस थांबतो. मार्था आणि मरिया दोघी वेगवेगळ्या येऊन एकच म्हणतात : प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही. तो रडतो, आणि थडग्याकडे चालू लागतो. ज्यांच्या घरी उशीर झालाय त्यांनी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा.

नंतर उत्पत्तीतला योसेफ, ३७ व्या अध्यायापासून. विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस. मधली तेरा वर्षं गुलामी आणि तुरुंग. तुरुंगातून सुटलेला राजाचा प्यालेबरदार (पेला भरून देणारा सेवक) त्याचं नाव काढायचं विसरला, तिथे तर आणखी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही. आपली बरीचशी वर्षं अशीच असतात, सांगण्यासारखं काही न घडलेली.

यिर्मया २९:११ तुम्ही कॅलेंडरवर, रिक्षाच्या मागे, व्हॉट्सॲपवर पाहिलं असेल : देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, तो तुम्हाला आशा देणार आहे. ही ओवी मलाही प्रिय आहे. पण ती एकटी वाचू नका, २८ आणि २९ हे दोन्ही अध्याय सलग वाचा. यहूदी लोक बाबेलात कैदी होऊन गेले होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांपुढे जाहीर केलं की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने पत्र पाठवलं : सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांची ओवी या पत्रातली आहे.

यातून रोजच्या कामाचं निघतं ते असं. संकट चालू असताना जगणं थांबवू नका. रेशन कार्डाचं काम, मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज, गळणारा पत्रा, सगळं करत राहा. नोकरीसाठी प्रार्थना करत असाल तर त्याच सकाळी दोन ठिकाणी विचारूनही या. बाबेलातल्या माणसाने मळा लावला तेव्हा तो परत जाण्याची आशा सोडून बसला नव्हता.

धीर म्हणजे गप्प बसणं नव्हे

याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, धीराचा धडा शेतकऱ्याकडून घ्यायला सांगितलाय. तो भूमीच्या मोलवान पिकासाठी वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. याकोबाच्या डोळ्यांपुढे त्याच्या देशातली शेती होती. आपल्या डोळ्यांपुढे मंगळवेढ्याची काळी रानं आणि मालदांडी जोंधळा आणायला हरकत नाही. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी. मग वरून पाणी जवळजवळ नाहीच. जमिनीत मुरलेली ओल, थंडी आणि दव यांवर पीक उभं राहतं, काढणी फेब्रुवारी-मार्चात. पेरल्यानंतरच्या महिन्यांत शेतकरी आभाळाला दोष देत बसत नाही आणि रोप उपटून मूळ किती गेलं हेही बघत नाही. पण तो रिकामाही नसतो. कोळपणी आहे, राखण आहे, हुरड्याच्या दिवसांत पाखरं हाकायची आहेत.

नव्या विश्वासूने हे ध्यानात ठेवावं की आज वाचलेलं स्तोत्र, आज केलेली अडखळती प्रार्थना, आज मंडळीत नुसतं जाऊन बसणं, हे सगळं ओल धरणं आहे. ते त्या दिवशी दिसत नाही.

त्याच अध्यायात याकोब धीराचं उदाहरण म्हणून सगळं गमावलेल्या ईयोबाचं नाव घेतो. ईयोबाचं पुस्तक उघडून बघा. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, पुढे पानंच्या पानं देवाला जाब विचारतो. आणि शास्त्र त्याला धीराचा माणूस म्हणतं. म्हणून रडलात, चिडलात, "का?" म्हणून विचारलंत, तर धीर सुटला असं समजू नका. धीर सुटतो तो देवाशी बोलणं टाकल्यावर, आणि टाकलं असलं तरी आज संध्याकाळी पुन्हा सुरू करता येतं.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मुलगी. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणि विधवांना त्यांनी केडगावला आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. ते कितीतरी वर्षं चाललं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई भाषांतराच्या कागदांवर बसत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि सबंध बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. ते छापील पुस्तक त्यांच्या हाती आलं नाही. आशेबद्दल कोणी विचारलं की मला हीच बाई आठवते, मुलगी गेल्यावर पुन्हा कागद पुढे ओढणारी.

मंडळीत जा, मन नसलं तरी

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, त्यामुळे इथे जुन्या मंडळ्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती घरं आहेत. कॅथलिकांची मिस्सा आहे, वेगवेगळ्या पंथांच्या उपासना आहेत. शहरात मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. दुःखात माणसाला आईच्या भाषेत रडावंसं वाटतं, तेव्हा घरात तेलुगू बोलत असाल तर त्या भाषेतली उपासना कुठे होते ते पाळकांना विचारा.

पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. गाणी येत नसतील तर ऐका. नारायण वामन टिळकांची भजनं पेटी आणि ढोलकीवर सुरू झाली की दुसऱ्या कडव्यापासून आपोआप म्हणता येतात. स्वतःच्या तोंडून स्तुती निघत नसेल त्या दिवशी शेजारच्याच्या आवाजावर विसंबून राहा. मंडळी त्यासाठीच आहे. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला बरं केलं, असं मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही.

आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनेला जरूर जा. एखाद्याच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी अंथरलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग, शेवटी चहा. तिथे प्रार्थनेची विनंती विचारतात. सगळं उघडं करायची गरज नाही. "घरी अडचण आहे" एवढं पुरतं. मात्र सगळं माहीत असलेलं एक माणूस हवंच. वयाने मोठं, पोटात गोष्ट राहणारं, तुम्ही बोलताना मधे न बोलणारं. असं माणूस महिनाभर बघून निवडा.

पाळकांना फोन करताना नेमकं सांगा. "आई आजारी आहे" यापेक्षा "आई सिव्हिलला अमुक वॉर्डात आहे, कॉट नंबर अमुक, भेटायची वेळ चार ते सहा" असं सांगितलं की माणूस खरोखर पोचतो.

कोणापासून सावध राहायचं

पैसे घेऊन प्रार्थना करणाऱ्यापासून. "अमुक तारखेपर्यंत चमत्कार होईल" म्हणणाऱ्यापासून, हनन्या आठवा. आणि तुमच्या आजारपणाचं कारण तुमच्या पापात शोधणाऱ्यापासून. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही.

देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. पौलाचा विश्वास उणा होता असं म्हणायची छाती कोणाची आहे?

घरातले वेगळ्या श्रद्धेचे असतील तर

पुष्कळ नव्या विश्वासूंच्या घरी सासू सिद्धरामेश्वराची भक्त असते, दीर वारीला जातो. संकटात यावरून भांडण पेटतं : "तू तिकडे जायला लागलीस म्हणून हे झालं." वाद घालू नका. त्यांच्या देवांना नावं ठेवू नका. तुमची प्रार्थना पहाटे किंवा रात्री करा, घरच्या कामात आधीपेक्षा कमी पडू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हादरून गेल्या होत्या. पुढे त्या स्वतःच्या पावलांनी आल्या, १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही जड गेली. तुमच्या घरी किती वर्षं लागतील किंवा कोणी येईल का, हे तुमच्या हातात नाही. सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर देणं मात्र आहे.

थोडं सावरलात की दुसऱ्याकडे जा

सगळं सुटण्याची वाट बघू नका. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो की देव आपलं सांत्वन करतो ते आपल्याला इतरांचं करता यावं म्हणून. मंडळीत विचारलं की कोणाकडे जायचं ते कळतंच.

जाताना उत्तरं घेऊन जाऊ नका. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. डब्यात भाकरी, शेंगाचटणी, थोडं पिठलं न्या. जेवलात का विचारा आणि समोर बसून जेवू घाला. ते बोलले तर ऐका, न बोलले तर बसा. निघताना विचारा, "प्रार्थना करू का?" हो म्हणाले तर दोन-तीन वाक्यांची करा, त्यांनी सांगितलेलं नाव घेऊन. नाही म्हणाले तर घरी येऊन करा. डबा तिथेच राहू द्या, दोन दिवसांनी तो आणायच्या निमित्ताने पुन्हा जाता येतं.